दहावा बळी

नऊ बळी प्रेमनने घेतले होते आणि अकरावा फलंदाज चाचपडत गार्ड मागत होता. आता षटक अच्युतनचं होतं.

मोयदू यष्टींमागून उठून थेट त्याच्याकडे आला. कप्तानही तोच, यष्टिरक्षकही तोच. हातमोज्याने तोंड झाकून म्हणाला, "एट्टा, हे षटक बाहेर टाका. पोराला दहा होऊ देत." एट्टा म्हणजे दादा; अच्युतनला सगळे तसंच म्हणत.

"मला शिकवतोस होय रे?"

रीतच होती तशी. जोडीदाराचे नऊ झाले की दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाने हात आखडता घ्यायचा. अच्युतनने स्वतः कितीतरी तरुणांना ती सांगितली होती. पण या सबंध मोसमात त्याला एकही बळी मिळाला नव्हता, आणि पुढच्या मोसमासाठी दुसरा डावखुरा फिरकीवाला ठरूनही गेला होता. तलश्शेरीच्या या मैदानावर, आपल्या माणसांसमोर, जाता जाता एक तरी हवा होता.

भिंतीवर बसलेल्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "एट्टा, आटपा! बिर्याणी निवतेय!"

लोक हसले. तोही हसला.

त्याने चेंडू बाहेर टाकले. बॅट सहज पोचणार नाही इतके बाहेर, सरळ, मेलेले. शेवटचाही तसाच टाकायचा होता. पण बोटांनी ऐकलं नाही. चेंडू वर गेला, जरा रेंगाळला, फलंदाजाला पुढे पुढे घेऊन आला आणि टप्पा पडताच झर्रकन वळला.

बॅट हवेतच फिरली. फलंदाज क्रीजच्या कितीतरी पुढे होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. बॅट काखेत मारली आणि तंबूकडे चालू लागला.

चेंडू मोयदूच्या हातात होता. बेल्स जागच्या जागी होत्या.

"अहो, कुठे निघालात?" मोयदूने हाक मारली. "या परत. बाद नाही तुम्ही!"

फलंदाज थबकला. मोयदूकडे, मग अच्युतनकडे पाहत राहिला आणि चोरासारखा क्रीजमध्ये परतला. अच्युतनने पंचांकडून आपली टोपी घेतली.

पुढच्याच षटकात एक धाव निघून अकरावा फलंदाज पुन्हा समोर आला आणि दुसऱ्या टोकाला प्रेमनने त्याचा मधला स्टंप उडवला. माणसं भिंतीवरून उड्या टाकून धावली. प्रेमनला खांद्यावर घेणाऱ्यांत मोयदू सगळ्यांत पुढे होता.

गलका तंबूकडे सरकला. म्हातारे पंच कुरुप मास्तर एकटेच, मघाशी मोयदू ज्यांच्यामागे होता त्या दूरच्या यष्टींपाशी गेले. तिथल्या बेल्स काढायला त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"अच्युता," ते म्हणाले, "ये. तूच पाड."

अच्युतन आला. त्या दोन लाकडी तुकड्यांकडे बराच वेळ पाहत उभा राहिला.

"ते काम यष्टिरक्षकाचं, मास्तर," तो म्हणाला. "माझं मघाशीच झालं."