उष्टी हळद

पुनमच्या लग्नाची हळद दळायची म्हणून भागवतनं आधी चक्की खोलून झाडून-पुसून घेतली. रंगाचा डबा उचलून माळ्यावर टाकला. दुकानात विकायच्या हळदीत तो रंग घालायचाच. गिऱ्हाइकाला पिवळाधमक माल लागतो, त्याला आपण काय करणार, असं म्हणून मोकळा व्हायचा. लेकीसाठी मात्र त्यानं एकेक हळकुंड निवडून दळलं.

हळदीच्या दिवशी पुसेगावहून, नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद आली. वाटी घेऊन आलेली नवरदेवाची मावशी कौतुकानं म्हणाली, "तुमाला न सांगता तुमच्याच दुकानातून मागवली बरं, व्याही. घरचं दुकान असताना दुसऱ्याची काहून घ्यायची?"

बायका पुनमभोवती जमल्या तसा भागवत आपली वाटी घेऊन पुढं झाला.

"थांबा जरा. लेकराला ही लावा. खास दळून ठेवली हाय."

"बाबा, नवरदेवाकडचीच लावावी लागते," पुनम हसली. "अन् ती बी आपलीच हाय ना."

मावशीचा हात थांबला. "काहून हो व्याही? त्या हळदीत अन् ह्या हळदीत काही फरक हाय का?"

सगळा मांडव त्याच्याकडं बघू लागला. त्यात निम्मी त्याचीच गिऱ्हाइकं होती.

"न्हाई," भागवत म्हणाला. "एकच हाय."

पुनमनं गाल पुढं केला.