घराण्याचा दोष

कंपनीच्या डॉक्टरांनी माझ्या तान्ह्या लेकीचा दुभंगलेला ओठ लांबूनच पाहिला.

"हे घराण्यातच असतं, साळवी. कामाचा काही संबंध नाही."

बरोबर आहे. आम्ही पिंपातलं कीटकनाशक उघड्या हातांनी ढवळतो खरं, पण मोजे, मास्क मागितले की पाळी सुटताना कंपनी हातावर गुळाचा खडा ठेवते. गुळानं म्हणे विष उतरतं. एवढी माया करणाऱ्या कंपनीला नावं ठेवली तर जीभ झडेल.

"तुमच्यात आणखी कुणाला आहे?"

"आहे ना, साहेब. माझ्या दोन्ही भावांची पोरं अशीच जन्मली."

डॉक्टर खुलले. "बघा! मी म्हणत नव्हतो?" त्यांनी पेन उघडलं. "भावांची नावं सांगा."

"एक सलीम मोमीन, दुसरा पास्कल घोन्साल्विस. आम्ही तिघंही एकाच पिंपावर असतो."