गाठीवरच्या तारखा

"हा मेला आरसा सुखाने चहासुद्धा पिऊ देत नाही, आधी यकृत दाखवा म्हणतो," शकूताई पुटपुटल्या.

शरीराच्या आतलं दाखवणाऱ्या त्या आरशासमोर त्यांची सून मृण्मयी उभी होती. तिच्या यकृतातली गाठ कर्करोगाची नव्हती, पण गरोदरपणात फुटली तर जीवावर बेतणारी होती. डॉक्टरांनी नको म्हटल्यापासून तिने बाळाचं नाव काढलं नव्हतं.

आज आरशाने झाडाच्या खोडात असतात तशी गाठीतली वाढीची कडी दाखवली. प्रत्येक कड्यावर तारीख होती. कुठे गौरी-गणपतीची, कुठे सत्यनारायणाची.

"प्रदूषण असेल," शकूताईंचा मुलगा श्रीरंग बायकोकडे न बघता म्हणाला.

"माझंच खाणं वेडंवाकडं," मृण्मयी म्हणाली.

शकूताईंनी कप खाली ठेवला.

"त्या तारखांना पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्यास तू, पोरी, त्यांनीच वाढली ही गाठ. सोवळ्यासाठी दर वेळी मीच दिल्या तुला."