फाटकाच्या आत

वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांतातल्या त्या गावात गोऱ्यांची दफनभूमी वेगळी होती. व्हिलेम गोरा, म्हणून त्याला तिथं पुरलं. त्याची बायको सराफीना सरकारी दप्तरात ‘मिश्रवर्णी’. एकवीस वर्षांचा संसार, तरी रखवालदारानं तिला फाटकावरच अडवलं.

तो स्वतः काळाच होता. खाली बघत म्हणाला, “मावशी, माझी नोकरी जाईल. आपली माणसं आत जातात ती फक्त झाडलोटीला.”

सोमवारी सराफीनानं नगरपालिकेत जाऊन झाडलोटीचं काम मागून घेतलं. रोज सगळा पाचोळा काढून झाला की ती व्हिलेमपाशी बसून पाव खायची, घरातलं बारीकसारीक त्याला सांगायची.

व्हिलेमला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी तिचा धाकटा दीर गेरिट फुलं घेऊन आला. तिला थडग्याला टेकून बसलेली बघून चपापला.

“वहिनी, तुम्ही? इथं?”

तेवढ्यात मागून मुकादम आला. “काय झालं साहेब? ही बाई त्रास देतेय का?”

गेरिट हातातल्या फुलांकडे बघत राहिला.

सराफीना खराटा घेऊन उठली. “नाही मुकादम,” ती म्हणाली. “साहेबांच्या भावाची जागा झाडत होते.”