निळ्याचा लाल

“एवढं लालभडक दिसत होतं, तरी एंटर दाबलंस?” सगळ्या टीमसमोर मी हेरंबला विचारलं. टेस्टचा डेटा पुसायला जाऊन त्याने क्लायंटचाच पुसला होता.

कमांड टाइप करायच्या टर्मिनल स्क्रीनवरचे ते रंग मीच ठरवलेले. कमांडमध्ये टेस्टचं नाव असेल तर माझा रेगेक्स, म्हणजे शब्द ओळखणारा कोड, ती हिरवी करायचा, क्लायंटचं असेल तर निळी. लाल का नाही, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. हेरंबला लाल-हिरवं सारखंच दिसतं, आणि नोकरीच्या मेडिकल फॉर्मवर त्याने ते लपवलं होतं.

टीम लीड आम्हा दोघांतून एकच होणार, हे कळलं त्या दिवशी मी निळ्याचा लाल केला.

‘लालभडक’ ऐकताच हेरंबने माझ्याकडे पाहिलं. रंग बदलल्याचं बोलला असता तर फॉर्मवरचं खोटंही बाहेर आलं असतं.

“लक्ष नव्हतं माझं,” तो म्हणाला.

तेच शब्द मी रिपोर्टमध्ये लिहिले.