भिकाबाईचा चुडा

"गाडी थांबव!"

थावराने कासरा ओढला. ओढ्याच्या काठी लाठ्या घेतलेली माणसं उभी होती. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. रझाकार पळाले होते आणि त्यांच्यावरचा राग आता सापडेल त्याच्यावर निघत होता. हिंगोलीकडे जाणारी प्रत्येक गाडी अडवली जात होती.

थावराला दिवस बुडायच्या आत हिंगोली गाठायची होती. मागे बाई बसली होती. आरशांची ओढणी हनुवटीपर्यंत ओढलेली, दंडावर पांढरा चुडा.

त्याची बायको भिकाबाई गाडीत बसली की तांडा सुटल्यापासून बोलत असे. बैल कसे हाकावे, तेही तीच सांगे. आज मागून आवाज नव्हता. थावराला वळून पाहावंसं वाटलं. त्याने पाहिलं नाही.

"कोन हाय गाडीत?" एका तरुणाने विचारलं.

थावरा बोलणार, तेवढ्यात घोळक्यातून तातेराव पुढे आला. तो जवळा बाजारचा. थावराचं तूप दर बाजारी तोच घ्यायचा. बाकीचे दुसऱ्या गावचे होते.

"अरे, ही तर थावराची भिकाबाई!" तातेराव मोठ्याने म्हणाला. "काहून वो बाई, आज गप? बाजारात तर तुमच्या तोंडापुढं माझी बायको हारते!"

ओढणी हलली नाही.

"तिला बोलवत न्हाई, पाटील," थावरा म्हणाला. "हिंगोलीला नेऊन राहिलो."

तरुण जवळ आला. "चुडा लई ढिला दिसून राहिला."

"तापानं माणूस वाळतं का न्हाई?" तातेराव खेकसला. "तुला ताप आला, तर धोतर तरी राहील का कमरेला?"

माणसं हसली. तरुण बाजूला झाला. तातेरावने बैलाच्या पाठीवर थाप मारली.

हिंगोलीत एका बंद दारापुढे गाडी थांबली. दार किलकिलं झालं, आतून कुणीतरी चादर दिली. बाईने ती पांघरली. चुडा उतरवून ओढणीत गुंडाळला आणि थावराच्या हातात दिला. त्याने ते बोचकं छातीशी धरलं.

"भाई," ती पहिल्यांदाच बोलली, "अल्ला का शुक्र. उनों पहचाने नहीं."

"ओळखलं, जुलेखाबी," थावरा म्हणाला. "आखाडात भिकाबाईच्या तिरडीला गावातून एकटा तातेरावच खांदा द्यायला आलता."