कासवाचा फ्रिज

प्रेबेनचं कासव हिवाळाभर फ्रिजमध्ये झोपायचं. तिथं गारवा सारखा राहतो, झोप मोडत नाही. पण "माझ्या लोण्याशेजारी असली जनावरं नकोत," असं लिस्बेटनं लग्न होताच ठणकावलं होतं. तेव्हापासून थंडी पडली की तो कासव घेऊन पहिल्या बायकोकडे, इंगरकडे जायचा. शिवाय फ्रिज उघडून कासवाला हवा द्यायला दर रविवारी एक फेरी असायचीच. एक दार उघडायला त्याला अख्खी दुपार लागायची आणि इकडे लिस्बेट धुमसत बसायची.

यंदा नाताळात दोघं नॉर्वेला निघाली होती.

"कासवाचं काय?" तिनं विचारलं.

"इंगर बघेल ना."

त्यानं ते नाव इतक्या लाडानं घेतलं, की तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बिस्किटांचा डबा घेऊन ती त्याच्या नकळत थेट इंगरच्या दारात उभी राहिली.

"आमच्या कासवाचं इतकं करता, म्हणून आणलं हो," ती ओठ आवळून म्हणाली. "बघू तरी, कुठं झोपतं ते."

इंगरनं चक्रावून फ्रिज उघडला. आत दूध होतं आणि हेरिंग माशांची बरणी.

"अगं, मला तर तो सांगतो, कासव तुझ्या फ्रिजमध्ये असतं! हिनं माझं कासवसुद्धा पटकावलं, म्हणून मी इतकी वर्षं तुझ्यावर जळतेय."

लिस्बेटनं फ्रिजचं दार आपटलं. "मग दर रविवारी तो कुणाचा फ्रिज उघडायला जातो?"

इंगरनं डब्यातलं एक बिस्कीट कडकन चावलं.

"किती वाजता निघतो गं? गाडी मी काढते."